फायबर पंचायतीपर्यंत आलं, पुढं काय?

गणपतीच्या आधीचा आगमनाचा रविवार हॉस्टेलवर कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. परळच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती निघाल्या की दोन गोष्टी नक्की. एक, रात्री झोप नाही. दोन, नेट जाणार. मूर्तीपुढे पोरं लांब बांबू घेऊन चालतात आणि रस्त्यावरून आडव्या गेलेल्या तारा वर उचलून धरतात. मूर्ती खालून जाते, तारा परत खाली येतात. त्या तारांत एक तार आपल्या हॉस्टेलची. त्या रविवारी ती परत खाली आली ती दोन तुकड्यांत.

दुसऱ्या दिवशी सबमिशन. मेसमध्ये जो काही शब्दकोश ऐकू आला तो या मासिकात छापण्यासारखा नाही. पण खरं सांगायचं तर दीड तासात केबलवाल्याचा माणूस शिडी खांद्यावर घेऊन आला, तार जोडली, आणि गर्दी ओसरायच्या आत नेट सुरू!

त्याच रात्री गावाहून माझ्या मामेभावाचा फोन आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. संगमेश्वर तालुक्यात आमचं गाव, नऊ वाड्यांचं. दादा तिथे रेडिओवर इंटरनेट देतो. व्होल्टेज वरखाली होऊन त्याचा टेकडीवरचा रेडिओ जळला होता आणि तीन दिवस सगळ्या वाड्या बंद होत्या. मी सोमवारी लेक्चर बुडवून (सरांनी हे वाचू नये) लॅमिंग्टन रोडवरून रेडिओ घेतला आणि रात्री परळ डेपोत जाऊन गावच्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती दिला. मंगळवारी दुपारी गाव चालू झालं.

परळात दीड तास, गावात साडेतीन-चार दिवस. दोन्हीकडे लहानच माणूस सेवा देतोय, दोघांचीही मेहनत तेवढीच. मग फरक कशाचा? आणि फोनच्या शेवटी दादाने जो प्रश्न विचारला तो अजून अवघड होता. "सरकारची नवी स्कीम आलीये म्हणतात. गावातल्या पोराला निम्मा वाटा. मी त्यात जाऊ की माझं आहे तेच चालवू? तू इंजिनियर होतोयस ना, मग हिशोब करून दे." हा लेख म्हणजे तो हिशोब. विषय सिलॅबसमध्ये नाही, पण अँटेना, नेटवर्क टोपॉलॉजी आणि थोडं अर्थशास्त्र असं सगळं त्यात एकत्र येतं, म्हणून मासिकासाठी लिहून काढला.

आधी फरकाचं बघू. समजा परळच्या एका चाळीत ऐंशी खोल्या आहेत आणि तिथपर्यंत दोनशे मीटर केबल ओढली. खोलीमागे केबल पडली अडीच मीटर. आमच्या गावात पंचायतीपासून सगळ्यात लांबची वाडी पाच किलोमीटरवर, घरं चौदा. घरामागे केबल साधारण ३५७ मीटर. म्हणजे जवळजवळ एकशे त्रेचाळीस पट. शिवाय वाटेत पऱ्या, जांभा दगड, आणि काम करणारा जेसीबीवाला. ग्राहक मात्र परळवाल्याएवढेच पैसे देणार, बहुधा कमीच. या भागाकारामुळेच जगभर ग्रामीण ब्रॉडबँडला अनुदान लागतं. धर्मादाय म्हणून नव्हे, खर्चाला भागायला घरंच कमी आहेत म्हणून.

दादासारख्या लोकांनी या भागाकारावर रेडिओचा तोडगा काढला. केबल मीटरवर खर्च खाते, रेडिओ टोकांवर. मधलं अंतर एक किलोमीटर असो की दहा, दोन डिशचे पैसे तेच. आपल्याकडे हे कायद्याने शक्य झालं ते दोन टप्प्यांत. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या बंधनातून मोकळा झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. स्पेक्ट्रम लिलावात न घेता वापरता येणं ही लहान माणसाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे, ते मोबाइल कंपन्यांच्या लिलावाचे आकडे पेपरात येतात तेव्हा कळतं.

दादाचा मुख्य दुवा तालुक्याच्या बाजूच्या टेकडीपासून आमच्या टेकडीपर्यंत, दहा किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झवर. व्हायव्हाला हमखास विचारतात म्हणून आकडेमोड देतो. मोकळ्या जागेतला लॉस म्हणजे ३२.४४ अधिक २० लॉग अंतर (किलोमीटरमध्ये) अधिक २० लॉग फ्रिक्वेन्सी (मेगाहर्ट्झमध्ये). उत्तर येतं सुमारे १२७.७ डीबी. पाठवणाऱ्या बाजूची एकूण ताकद ३६ डीबीएम धरली आणि घेणाऱ्या डिशचा गेन २५ डीबी, तर पोचणारा सिग्नल उणे ६६.७ डीबीएम. चांगला आहे. पावसाची भीती घालणारे पुष्कळ भेटतात, पण या फ्रिक्वेन्सीला कोकणातला पाऊससुद्धा फारसं काही करत नाही. खरा शत्रू झाड. त्यातही ओलं झाड. फ्रेनेल झोनची मध्यावरची त्रिज्या या दुव्याला ११.४ मीटर येते आणि निदान त्यातला साठ टक्के भाग, म्हणजे ६.८ मीटर, मोकळा हवा. समोरची डिश नुसती डोळ्याला दिसून भागत नाही, ती अशी ऐसपैस दिसावी लागते. पृथ्वीच्या गोलाईचा दीड मीटर वेगळा. हे पुस्तकात वाचलं तेव्हा पाठ झालं, दादाबरोबर खांबावर चढलो तेव्हा समजलं.

आता पैशाचा रस्ता बघू. हा भाग कंटाळवाणा आहे, पण दादाचं नशीब इथेच ठरतं.

आपल्या देशात ग्रामीण दूरसंचारासाठी एक निधी आहे. १ एप्रिल २००२ पासून तो सुरू झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. नाव होतं यूएसओ फंड, सार्वत्रिक सेवेच्या बंधनाचा निधी. परवानाधारक कंपन्यांच्या समायोजित ढोबळ उत्पन्नाचे पाच टक्के त्यात जातात. २०१३ पासून एकूण परवाना शुल्क आठ टक्के आहे, त्यातलेच हे पाच. (इंटरनेटच्या उत्पन्नावर हे शुल्क लावावं की नाही यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या, तो एक वेगळा लेख होईल.) सुरुवातीला निधी फक्त फोनसाठी होता. २००६ च्या दुरुस्तीने मोबाइल आणि ब्रॉडबँड त्यात आले.

आणि मग ब्रॉडबँडचा पैसा कोणाला गेला? जानेवारी २००९ मध्ये निधीने बीएसएनएलशी करार केला. पाच वर्षांत ग्रामीण भागात ८,८८,८३२ वायरलाइन जोडण्या द्यायच्या. शब्द नीट वाचा, वायरलाइन. तेव्हा गावोगाव तांब्याच्या तारा फक्त बीएसएनएलकडे होत्या, त्यामुळे निर्णयाला तर्क होता. पण त्या एका शब्दाने रेडिओवाला बाहेर राहिला. तो पाच टक्के भरणाऱ्यांत होता, घेणाऱ्यांत नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्रायने ब्रॉडबँड वाढवण्यासाठी परवाना शुल्कात सूट द्यावी अशी शिफारस केली, तेव्हाही शब्द होता 'फिक्स्ड लाइन'. कोणी मुद्दाम दादाच्या वाईटावर नसतं. सरकारी कागदात 'इंटरनेट म्हणजे तार' असं बसलेलं असतं, एवढंच.

ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती डिसेंबर २०१७ पर्यंत झाल्या आणि दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्याने महानेट नावाने काम केलं. कल्पना चांगली होती. सरकारने तालुक्यापासून पंचायतीपर्यंतचा महागडा मधला टप्पा बांधायचा, आणि तिथून पुढे कोणीही परवानाधारक समान अटींवर बँडविड्थ किंवा मोकळं फायबर भाड्याने घेऊन घरोघर जाईल. वाचताना वाटतं, ही तर दादासाठीच लिहिली आहे!

मग दादाने ती का घेतली नाही? हा प्रश्न मी त्याला विचारला तर म्हणाला, "अरे, ती लाइन असते कुठे?" इथे आपली टोपॉलॉजी उपयोगाला येते. जुन्या रचनेत तालुक्यापासून पंचायती बहुतेक माळेसारख्या जोडलेल्या. समजा माळेत दहा पंचायती आहेत आणि दोन पंचायतींमधला प्रत्येक तुकडा वर्षातला एक टक्का वेळ बंद असतो. हा आकडा माझा, गृहीत धरलेला. रस्ता रुंदीकरण, दरड, जेसीबी हे बघता कोकणात तो फार नाही. आता दहाव्या पंचायतीला नेट मिळायचं तर दहाही तुकडे एका वेळी चालू हवेत. ०.९९ चा दहावा घात ०.९०४. म्हणजे वर्षाला सुमारे पस्तीस दिवस बंद! आणि हे लाइट, बॅटरी, यंत्रं धडधाकट धरून. पस्तीस दिवस बंद असलेल्या लाइनवर कोणता दुकानदार दुकान मांडेल? दादाचा रेडिओ तीन दिवस गेला तर गावाने त्याला काय काय ऐकवलं ते मला माहीत आहे.

हाच तो खड्डा जो २०२३ च्या सुधारणेने बुजवायचा ठरवला. ४ ऑगस्ट २०२३ ला सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, रक्कम १,३९,५७९ कोटी रुपये. त्यात तीन गोष्टी दादाच्या कामाच्या. पहिली, माळेच्या जागी रिंग. दुसरी, पंचायत नसलेल्या गावांनाही मागणी असेल तर फायबर. तिसरी, पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडण्या, आणि त्या देण्याचं व सांभाळण्याचं काम गावातल्या 'भारतनेट उद्यमी'ने करायचं, मिळकत बीएसएनएल आणि तो निम्मी-निम्मी. दादाने ऐकलेली स्कीम ती हीच.

पुढच्या वर्षी निधीही बदलला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने यूएसओ फंडाचा 'डिजिटल भारत निधी' केला, ती कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला नियम आले. कायद्यातलं वाक्य वाचण्यासारखं आहे. निधी सेवा अपुरी असलेल्या ग्रामीण, दुर्गम आणि शहरी भागांसाठी आहे. हो, शहरीसुद्धा. प्रायोगिक प्रकल्प आणि नवी तंत्रं यांनाही त्यात जागा आहे. परळातल्या ज्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत चार जण एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अभ्यास करतात, तीही उद्या या व्याख्येत बसू शकते. बसेल असं मी म्हणत नाही, दार आहे एवढंच.

आता दादाचा हिशोब. आकडे सोयीसाठी गोल केलेत.

ग्राहक १४०, महिन्याला प्रत्येकी ४५० रुपये, जीएसटी वेगळा. जमा ६३,०००. आठ टक्के शुल्क ५,०४०, त्यातले ३,१५० निधीचे. म्हणजे वर्षाला ३७,८०० रुपये दादा ग्रामीण ब्रॉडबँडच्या निधीत भरतो, स्वतः ग्रामीण ब्रॉडबँड देता देता! तालुक्याहून घेतलेली बँडविड्थ २६,०००. खांबाच्या जागेचं भाडं, वीज, बॅटऱ्या ६,०००. मदतीच्या पोराचा पगार १०,०००. उरले १५,९६०. त्यातून जळलेले रेडिओ वजा.

उद्यमी झाला तर? १४० घरं, समजा ४०० रुपयांचा प्लॅन, जमा ५६,०००, निम्मा वाटा २८,०००. बँडविड्थचं बिल नाही, परवान्याची भानगड नाही. पोराचा पगार काढला तरी १८,००० हातात.

मी हा हिशोब रूमवर मांडला तेव्हा माझा यवतमाळचा रूममेट म्हणाला, "मग विचार काय करतो बे? सांग ना त्याला, हो म्हण." मलाही तसंच वाटलं. दादाला फोन लावणार तेवढ्यात सहज गावचा नकाशा काढला आणि ग्राहक वाडीवार मांडले.

१४० पैकी ८५ घरं पंचायतीच्या आसपासच्या चार वाड्यांत. ५५ घरं उरलेल्या पाच वाड्यांत, डोंगराच्या कुशीत, नदीपलीकडे. तिथे फायबर न्यायचं म्हणजे तो ३५७ मीटरचा भागाकार परत आला. योजनेत गाव हे एकक आहे. पंचायतीत पेटी लागली की गाव 'जोडलं'. पण कोकणात गाव म्हणजे काय? देशावर पांढरीत घरं एकमेकांना चिकटून असतात, वेशीत फायबर आलं की गावभर गेलं. आमच्याकडे गाव ही मोजणीतली गोष्ट, माणसं राहतात वाडीत. त्यातून ग्रुप ग्रामपंचायत असेल तर पेटी शेजारच्या महसुली गावात!

म्हणजे उद्यमी म्हणून दादाला खरे मिळणार ८५. जमा ३४,०००, वाटा १७,०००, पोराचा पगार गेला की ७,०००. आणि ५५ घरांचा रेडिओ बंद. कारण तेवढ्यासाठी वेगळी बँडविड्थ आणि वेगळा परवाना कोण सांभाळेल? २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुंबईत शिकणारी किती तरी पोरं अशाच वाड्यांवर अडकली होती. सिंधुदुर्गात एक मुलगी डोंगरावर झोपडी बांधून, जिथे रेंज मिळते तिथे बसून तास करत होती, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. मी तेव्हा शाळेत होतो आणि दादाने पहिला खांब उभा केला तो त्याच पावसाळ्यात. त्या ५५ घरांतलं एक माझ्या आजीचं आहे, तेव्हा मी या विषयात तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अनुदान 'सेवा मिळते का' यावर मोजलं तर दादाचा रेडिओ आणि सरकारचं फायबर एकमेकांना पूरक आहेत. 'फायबर लागलं का' यावर मोजलं तर ते एकमेकांच्या मुळावर उठतात, आणि अनुदान ज्याच्यामागे आहे तो जिंकतो. आधी सोप्या घरांत, मग अवघड घरांकडे वळायचं कोणाला कारणच राहत नाही. अवघड घरं आजवर चालत होती ती सोप्या घरांच्या पैशावर. ८५ गेली की ५५ आपोआप जातात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने ग्रामीण ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले. आधीच्या नियमांत फायबरला झुकतं माप होतं आणि विनापरवाना पट्ट्यावर चालणारी वायरलेस सेवा 'भरवशाची' धरत नव्हते. म्हणजे एखाद्या खेड्यात लहान वायरलेसवाला दहा वर्षं सेवा देत असला तरी कागदावर ते खेडं कोरंच, आणि त्याच्या डोक्यावर दुसऱ्याला अनुदान! जून २०२५ मध्ये नियम बदलले. फायबरचा अग्रक्रम काढला, विनापरवाना वायरलेसलाही पात्र धरलं. पण एक गंमत बघा. आपण आधीच तिथे सेवा देतोय असं म्हणणाऱ्या वायरलेसवाल्याला कळवल्यानंतर दावा सांगायला मुदत सात दिवस. खांबावर चढणारा, बिलं वसूल करणारा आणि सरकारी ईमेल वाचणारा माणूस एकच असतो, हे नियम लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिथेही नाही आणि इथेही नाही.

आपल्याच राज्यात याचं उत्तर एकदा करून दाखवलं गेलंय, आणि तेही इंजिनिअरिंगवाल्यांनी. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने 'ग्राममार्ग' प्रकल्पात पालघर भागातल्या खामलोली परिसरात प्रयोग केले. सुरुवातीला टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून. दूरदर्शन त्या पट्ट्यातला थोडाच भाग वापरतं, आणि त्या लहरी झाडांतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा कितीतरी चांगल्या जातात. कोकणासाठी याहून सोयीचं काय? पण त्या पट्ट्याला प्रयोगापुरता परवाना मिळाला, दादासारख्यांना धंद्यासाठी दार उघडलं नाही. पुढे त्यांनी विनापरवाना पट्ट्यातले रेडिओ घेऊन पंचवीस गावं जोडली. पंचायतीने गुंतवायचं, गावातल्या तरुणाने चालवायचं, फायबर जिथे संपतं तिथून रेडिओने पुढे जायचं, अशी ती रचना. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाची बातमी आपण वाचतो, टाळ्या वाजवतो. पण ती रचना अनुदानाच्या व्याख्येत शिरायला हवी होती.

डिसेंबर २०२० मध्ये आलेली पीएम-वाणी योजनाही लहान माणसासाठीच. चहावाला, किराणावाला, कोणीही परवाना, नोंदणी, शुल्क यांशिवाय वाय-फाय विकू शकतो. अडचण एकच, त्याला मागून मिळणारी लाइन महाग पडायची. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवलं की २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाइनला घरगुती फायबरच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. हे चांगलं झालं. पण वाय-फायचा आवाका दुकानाच्या ओट्यापर्यंत, नदीपलीकडच्या वाडीला त्याचा उपयोग नाही.

तर मग दादाला काय सांगितलं? मी तिसरा रस्ता मांडला. परवाना ठेवायचा, स्वतःचे ग्राहक ठेवायचे, आणि पंचायतीत आलेल्या फायबरवरून बँडविड्थ घ्यायची. समजा ती २६ ऐवजी १६ हजारांत पडली, तर शिल्लक सुमारे २६ हजार. जवळच्या वाड्यांना हळूहळू केबल, लांबच्यांना रेडिओ.

पण यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अनुदानाचा वाटा नाही, रिंग आहे. माझ्याच गृहीतकावर आकडे करून बघा. दहा पंचायती आणि तालुका मिळून अकरा तुकड्यांची रिंग. दहाव्या पंचायतीला एक वाट एका तुकड्याची, दुसरी दहा तुकड्यांची. दोन्ही एकाच वेळी बंद असतील तरच नेट जाणार. पस्तीस दिवसांचे होतात साडेआठ तास. सगळ्यात वाईट स्थिती मधल्या पंचायतीची, तिथेही वर्षाला एकच दिवस. अट एवढीच की रिंग खरीच रिंग हवी. जाणारं आणि येणारं फायबर एकाच चरात टाकलं तर जेसीबी दोन्ही एकाच घासात खातो. कागदावर रिंग, जमिनीत माळ! आपल्यापैकी कोणी पुढे या कामावर साइट इंजिनियर म्हणून गेलं तर एवढं तरी बघा राव.

रिंग होईपर्यंत काय? घरची रिंग. फायबर आणि जुना दहा किलोमीटरचा रेडिओ दुवा, दोन्ही ठेवायचे. माळेतलं फायबर वर्षात ९.५६ टक्के वेळ बंद आणि रेडिओ समजा दोन टक्के, तर दोन्ही एकदम बंद वर्षाला साधारण सतरा तास. रेडिओवर थोडीच बँडविड्थ ठेवायची. फायबर गेलं की सिनेमे बंद, पण आजीचा व्हिडिओ कॉल आणि पोरांचे तास चालू.

दिवाळीच्या सुट्टीत परळ डेपोतून रात्रीची गाडी धरली आणि गावी गेलो. दादाने उद्यमीचा अर्ज न करता बँडविड्थचा अर्ज लिहून ठेवला होता, मला मराठी शुद्धलेखन तपासायला दिला. (सात दुरुस्त्या. तो म्हणाला, इंजिनियरपेक्षा मास्तर हो.) पंचायतीतली फायबरची पेटी बघायची होती, पण खोलीला कुलूप आणि किल्ली असलेला माणूस आठवड्यातून दोनदाच येणारा. तिसऱ्या दिवशी किल्ली मिळाली. पेटी चालू होती, दिवे लागलेले. कोणीतरी तिच्यावर ग्रामसभेच्या नोटिसांचा गठ्ठा ठेवला होता, तो खाली काढला, म्हणजे यंत्राला वारा तरी लागेल.

मग टेकडीवर गेलो. मी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला रेडिओ नीट चालत होता, पण सिग्नल दिसत होता उणे ७४ डीबीएम. माझं उत्तर उणे ६६.७. सात डीबी कुठे गेले म्हणून दुर्बिणीतून बघत बसलो, तर खाली आजीच्या परसातला फणस गेल्या दोन पावसाळ्यांत वाढून बरोबर फ्रेनेल झोनमध्ये डोकं घालून उभा. दादा म्हणाला, फांदी उतरवू. आजी म्हणाली, फणसाला कोयती लावायची नाही, तुमचं काय ते वर न्या. संध्याकाळपर्यंत खांबाला सहा फुटांचा पाइप जोडून डिश वर नेली. उणे ६९.

उरलेल्या दोन डीबींचं अजून कळलेलं नाही. मे महिन्यात परत चढणार आहे.